जुईच्या कानातले बोळे

गाडी अंगणात उभी होती आणि केतकीला तिच्यात बसायचं नव्हतं. पण हे सांगणार कुणाला?

आईने डिंकाचे लाडू, मेतकूट, बाळगुटीची पुडी असं करत करत डिकी भरत आणली होती. बाबा पुन्हा पुन्हा गाडीला प्रदक्षिणा घालत होते आणि तिच्या निळ्या रंगात स्वतःचं तोंड बघून घेत होते. ओटीवर पाय लांब करून बसलेल्या सासूबाई जुईला कुंची घालत होत्या. सुनेला आणि पाच महिन्यांच्या नातीला घरी न्यायला त्या लेकाबरोबर कोल्हापूरहून देवरुखला आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मनावर घेतली होती. मागच्या दोन्ही वेळी या गाडीत पोर का रडलं?

"वारं," कापसाचा बोळा तळहातावर वळत त्या म्हणाल्या. "कानाला वारं बाधलंय हिच्या. तुमच्याकडं लेकरं कान उघडे टाकून फिरवतात, मी बघितलंय न्हवं."

"हो का," स्वयंपाकघरातून केतकीची आई म्हणाली. त्या दोन शब्दांत बरंच काही होतं, पण विहीणबाई निघायच्या बेतात होत्या, म्हणून ते तिथेच राहिलं.

"मम्मी, गाडीत वारा येतोच कुठे?" केतकीने सासूबाईंना विचारलं. "काचा तर बंद असतात."

"काचा बंद असल्या म्हणून काय झालं? फटीतनं येतंय ते."

"आमच्या गाडीला फट नाही हं, मम्मी," डिकी लावता लावता ऋतुराज हसला. "तेवढं सोडून बोल."

दोन्ही कानांत बोळे गेले, वर कुंची बसली, हनुवटीखाली नाडी बांधली गेली. आता जुईचे फक्त गाल आणि डोळे दिसत होते. ती केतकीकडे बघून बोळकं पसरून हसली.

गाडीचं नाव निवांत, विजेवर चालणारी. ज्या कंपनीने ती काढली, तिच्यातच ऋतुराज आवाजाच्या विभागात होता. 'आवाजाच्या' म्हणजे खरं तर आवाज घालवण्याच्या. गाडी बाजारात यायच्या आधी पहिल्या काही गाड्या कंपनीने आपल्याच माणसांना वापरायला दिल्या होत्या, म्हणजे जे काही दोष निघतील ते घरच्या घरी निघावेत. आणि निघालेही. केतकी बाळंतपणाला माहेरी होती, तेव्हा रोज संध्याकाळी फोनवर त्याच गमती. आज वायपर कोरड्या काचेवर आपोआप फिरायला लागला. आज गाडी एकदम कानडीत बोलली, मम्मी घाबरून खालीच उतरली. आज मागच्या सीटखाली टकटक होतेय, अगं, कुणीतरी आतून दार वाजवल्यासारखी. आणि मग एका आठवड्याने तोच आनंदाने म्हणाला होता, "गेली ती टकटक."

"काय केलंस?"

"काहीच नाही. गेली आपोआप. नवी गाडी आहे, बसेपर्यंत थोडं वाजणारच."

मग तो गाडी घेऊन देवरुखला आला आणि सगळ्यांना मार्लेश्वरला घेऊन गेला. त्या चढावर जुई जी किंचाळली! केतकीला लेकीची सगळी रडणी पाठ झाली होती. भुकेचं रडणं तोंड वळवून शोधणारं, झोपेचं किरकिरं, पोटातल्या वाताचं पाय पोटाशी ओढून घेणारं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. डोळे उघडे, मान एका बाजूला ताणलेली, जणू समोरच्या कशापासून तरी लांब सरकायचंय आणि सरकता येत नाही. गाडीतून उतरवलं की दिवा मालवावा तशी गप्प. बसवलं की पुन्हा सुरू. घरी आल्यावर आईने मीठमोहऱ्या ओवाळून बाळाची दृष्ट काढली. बाबांनी लिंबू ओवाळून गाडीची काढली. पुढच्या खेपेलाही तेच घडलं.

आणि आज काहीच नाही. गाडी अंगणातून बाहेर पडली, काचा वर गेल्या, आणि कोंबड्याचं आरवणं, शेजारचा मिक्सर, आईचं "पोचल्यावर फोन कर गं", सगळं कुणी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं तसं गेलं. आपल्या खास खुर्चीत बांधलेली जुई खिडकीबाहेरच्या माडांकडे बघत होती.

"रडली?" सासूबाईंनी विचारलं. त्या मागे नातीच्या एका बाजूला, केतकी दुसऱ्या बाजूला.

"नाही, मम्मी."

"मग!"

ही शांतता म्हणजे ऋतुराजचा जीव की प्राण. लग्नाआधी पहिल्यांदा भेटला तेव्हा कॉफीच्या टेबलावर बोटाने लाटा काढून त्याने हेच समजावलं होतं. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिच्या नेमकी उलट लाट सोडली, उंचवट्यावर खड्डा आणि खड्ड्यावर उंचवटा, की दोन्ही मिळून सपाट. निवांतच्या छतात आणि सीटच्या उशांत लपवलेले बारीक स्पीकर हेच काम क्षणाक्षणाला करत. शिवाय गाडी शिकायची. एखाद्या आवाजाने चालवणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली, मान वळली, की तो आवाज 'नको' म्हणून लक्षात ठेवायची आणि पुढच्या वेळी उमटण्याआधीच पुसायची. माणसाच्या आवाजाला आणि हॉर्नला हात लावायचा नाही, एवढं बंधन तिला होतं. बाकी सगळ्याची मुभा.

साखरप्याला चार्जिंगसाठी थांबावं लागलं. पुढे आंबा घाट, मोठा चढ. ऋतुराजने गाडी लावली, जाडजूड केबल जोडली, आणि सगळे शेजारच्या हॉटेलच्या बाकड्यावर येऊन बसले. ऊन कोवळं असलं तरी कुंचीत जुई घामेजली होती. केतकीने कुंची सोडली, बोळे काढून रुमालात ठेवले. जुईने मोकळ्या कानांनी रस्ता ऐकला, ट्रक ऐकले, चार्जरच्या पंख्याची मोठी घरघर ऐकली आणि मजेत पाय झाडले.

लंगोट ओला झाला होता. केतकीने तिला उचललं, गाडीचं मागचं दार उघडलं, सीटवर दुपटं पसरून तिला त्यावर ठेवलं आणि पायाशी स्वतः आत बसली. दार ओढून घेतलं.

जुई किंचाळली.

तेच रडणं. तीच ताणलेली मान. केतकीने घाईने तिला उचलून बाहेर आणलं. गप्प. गालावर पाण्याचा ओघळ, पण नजर आधीच हॉटेलसमोरच्या कुत्र्यावर. मग, स्वतःचाच राग येत असताना, तिने लेकीला पुन्हा आत नेलं. किंचाळी. बाहेर. गप्प.

गाडी उभी होती. वारा पानही हलवत नव्हता.

"अहो," ती बाकड्याशी येऊन म्हणाली. दोघंच असताना ती त्याला ऋतू म्हणायची आणि अरेतुरे करायची. सासूबाईंसमोर अहो. "गाडीत कसला तरी आवाज आहे."

"कसला?"

"मला येत नाही ऐकू."

"मग?"

"जुईला येतोय."

ऋतुराज हसला. वाईट नव्हतं ते हसणं, फक्त दमलेलं होतं. "अगं, चार्जिंगचा पंखा आहे तो. दचकत असेल."

"पंखा बाहेर जास्त ऐकू येतो. बाहेर ती गप्प आहे."

केतकीने लगेच पुढचं विचारून घेतलं. "तुमची गाडी सगळेच आवाज पुसते?"

"सगळे कुठले? जाड आवाजाची लाट लांब असते, तिला गाठता येतं. फार बारीक आवाजाची लाट एवढीएवढीशी. उलटी लाट सोडेपर्यंत ती पुढे निघून जाते. पण ते आपल्याला ऐकूच येत नाहीत, त्यामुळे त्यांचा त्रास नाही. तिशी आली की वरचे सूर गेलेच कानातून."

"आणि पाचव्या महिन्यात?"

त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर धरला. निळ्या गाडीचं चित्र, आणि आत बॅटरीच्या जागी हिरवा चौकोन. "बघ. तापमान ठीक. दाब ठीक. सगळं ठीक म्हणतेय ना?"

सगळं ठीक. केतकी त्या हिरव्या चौकोनाकडे बघत राहिली. पाच महिने तीही फोनवर हेच म्हणत आली होती. टाके दुखत होते तेव्हाही, जुईला घेऊन पहाटेपर्यंत येरझाऱ्या घालताना आपणच रडलो तेव्हाही. ऋतुराजला वाईट ऐकवलं की तो गप्प गप्प होतो, म्हणून घरातलं कुणीच त्याच्यापर्यंत काही पोचू देत नसे. सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं तेसुद्धा त्याला डॉक्टरकडून कळलं होतं.

"चला की आता," सासूबाई उठल्या. "तिकडं बायका येऊन बसल्यात. नणंदेचा फोन आला होता, भाकरतुकडा घेऊन दारात उभी राहणार म्हणतीया. लेकरू पहिल्यांदा घरात यायचं, आणि तुम्ही इथं पंख्यावर चर्चा करालाय?" त्यांनी रुमालातले बोळे घेतले, नातीच्या कानांत बसवले, कुंची बांधली आणि स्वतःच्या हाताने तिला गाडीत ठेवलं.

जुई रडली नाही.

"बघ," सासूबाई म्हणाल्या.

केतकीने बघितलं. मग ती आत बसली.

घाट सुरू झाला. डावीकडे दरी, उजवीकडे कातळ, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर मागचा ट्रक आरशात लहान होत गेला. गाडी चढ जाणवूही न देता चढत होती. जुईचे डोळे मिटत आले होते.

"बॅटरीत नक्की काय असतं?" केतकीने विचारलं.

ऋतुराजला बरं वाटलं. भांडण मिटलं, असं समजून तो मोकळेपणाने बोलू लागला. "पूर्वीच्या बॅटरीत पातळ रसायन असायचं, पेट घ्यायचं तेच. हिच्यात ते नाहीच. मधे चिनीमातीचा पापुद्रा आहे, कागदाहून पातळ. असे हजारो, एकावर एक रचलेले."

"चिनीमातीला तडा जात नाही?"

"जाऊ शकतो. फार घाईने चार्ज केलं, की धातूचे सुईसारखे कोंब फुटतात आणि पापुद्र्यात शिरतात. एक सुई आरपार गेली की तिथे आतल्या आत तापायला लागतं, मग शेजारचा पापुद्रा, मग त्याच्या शेजारचा. पण त्याच्या चाचण्या झाल्यात गं. ते काम माझं नाही, बॅटरीवाल्यांचं आहे."

"तडा जाताना आवाज होतो?"

"होणारच. कप तडकताना होतो, तसा."

"जाड की बारीक?"

"एवढ्या पातळ पापुद्र्याचा म्हणजे…" त्याने वळण घेतलं. "बारीक. काकण तडकावं तसा, त्याहूनही बारीक. आणि सांगाड्यातून एखादा जाड ठोका येईल."

"टक्, असा?"

ऋतुराजने आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"टकटक गेली, केतकी."

"गेली, की गाडीने पुसली?"

ऋतुराजने नजर पुन्हा रस्त्यावर वळवली. सासूबाई एकदा सुनेकडे, एकदा लेकाकडे बघत होत्या. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, पण घरात ताटं आपटायच्या आधी जशी शांतता असते, तशी ही आहे, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

केतकीने कुंचीची नाडी सोडली.

"अगं, काय करालीस? झोपालीय ती!"

"एकच मिनिट, मम्मी."

तिने एका कानातला बोळा अलगद काढला. जुईचा चेहरा आधी चुरगळला, मग लाल झाला, मग ती किंचाळली. केतकीने त्या इवल्या कानावर आपलं बोट टेकवलं. किंचाळी हुंदक्यावर आली. बोट उचललं. किंचाळी. रस्ता थोडा सपाटीला आला तेव्हा बोट उचलूनही जुई नुसतीच मुसमुसली. पुढचा चढ लागला, गाडीने जोर लावला, आणि ती पुन्हा ताणून रडली. चढाला जास्त, सपाटीला कमी. चढाला जास्त. 'बाळा, मला माफ कर,' ती मनात म्हणत होती, 'पण तुझ्याशिवाय इथे कुणालाच ऐकू येत नाहीये.'

मग एक लांब सपाट पट्टा आला. जुई थांबली नाही.

"उलटा आवाज बंद करा," केतकी म्हणाली.

"तो चालकाला बंद करता येत नाही. फक्त विभागातल्या माणसांनाच…"

"तुम्ही विभागातलेच आहात."

"केतकी, घाटात आहोत आपण. मला त्रास देऊ नकोस."

"ऋतू!" ती ओरडली. "बंद कर!"

सासूबाईंच्या कानावर ते 'ऋतू' पडलं, पण त्या काही म्हणाल्या नाहीत. ऋतुराजचा जबडा आवळला गेला. तिला एकदाचं खोटं पाडावं म्हणूनच बहुधा, त्याने पडद्यावर अंगठा दाबून धरला आणि खुणेचे आकडे टाकले.

जग परत आलं. आधी टायरांची खरखर, मग काचेवरचा वारा, दरीतल्या कुठल्याशा बसचा हॉर्न. जुईचं रडणंसुद्धा त्यात एकदम छोटं वाटलं. आणि त्या सगळ्याच्या खालून, मागच्या सीटच्या खालून, सासूबाईंच्या, केतकीच्या आणि जुईच्या अगदी बुडाखालून, तडतड. तडतड तड. कढईत लाह्या फुटतात तशी. लाह्या फुटायला लागल्या की सुरुवातीला एखादी, मग दोन, आणि मग ज्या वेगाने फुटतात, त्या वेगाने.

ऋतुराजच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पडद्यावर चौकोन हिरवा होता.

पुढच्या वळणावर कठड्याशी मोकळी जागा होती. तिथे गाडी थांबली की नाही तोच केतकीने पट्टा सोडून जुईला उचललं होतं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे चटकन उतरता येईना. ऋतुराजने त्यांना जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. सगळे चढाच्या बाजूने लांब गेले, रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली. तिथे जुई उचक्या देत आईच्या खांद्यावर गप्प झाली.

गाडी बंद होती, तरी तडतडत होती. लांबून पाहिलं तर नवीकोरी, निळी, फुलांचा हार अजून पुढे लटकलेला. तिच्यावरून येणारा वारा तेवढा आवाज आणत होता.

ऋतुराजने आधी कंपनीतल्या शिर्के सरांना फोन लावला. बॅटरीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"तापमान?" शिर्के सरांनी विचारलं.

"ॲपवर ठीक आहे, सर. पण आवाज…"

"अरे, मग? ॲपवर हिरवं आहे ना? नवे थर बसताना थोडं करकरतं. तुला कळायला पाहिजे. तू तर शांततेचा माणूस." ते हसले. "आणि कळलं कसं म्हणतोस? आवाज तर येतच नाही आत."

ऋतुराजने केतकीकडे पाहिलं. "माझी मुलगी रडत होती, सर."

शिर्के सरांचा आवाज बदलला. "हे बघ. पुढच्या आठवड्यात गाड्या लोकांच्या हातात जायच्यात. आणि आज आपलाच माणूस घाटात गाडी टोइंगवर चढवणार, जाणारा येणारा फोटो काढणार. मुलगी रडली म्हणून? फॅमिलीला एसटीत बसव. तू एकटा हळूहळू चालवत आण. मी गेटवर थांबतो, आपण उघडून बघू. कुणाला सांगत बसू नकोस. फोन चालूच ठेव."

ऋतुराज गाडीकडे बघत राहिला. केतकी त्याला ओळखत होती. त्याला नको असलेला आवाज आता त्याच्या मनात पुसला जात होता, क्षणाक्षणाला.

"चढ संपतच आलाय," तो म्हणाला. "पुढे जोर पडणार नाही. मी एकटा नेतो. तुम्ही दोघी…"

"एकटा का?" केतकीने विचारलं.

"म्हणजे?"

"गाडी चांगली असेल तर सगळेच जाऊ. एकटा का?"

"केतकी, वाद घालायची ही वेळ नाही."

"मम्मी, हिला धरा." तिने जुईला सासूबाईंच्या हातात दिलं. लेकीचा हात तिच्या मंगळसूत्रात अडकला होता, तो तिने एकेक बोट सोडवून मोकळा केला. त्या मुठीला ओठ लावले. मग ती गाडीकडे चालायला लागली.

"केतकी! खुळी झालीस काय?" सासूबाई मागून ओरडल्या.

तिने पुढचं दार उघडलं, चालकाच्या शेजारच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. आत आवाज कितीतरी मोठा होता. तो पायांच्या तळव्यांना लागत होता. तिचं सगळं अंग दाराकडे ओढ घेत होतं, आणि दूध उतरून ब्लाऊज ओला होत होता. ती समोर बघत बसली.

ऋतुराज धावत आला. "उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना!"

"तू बस. जाऊ दोघंच. जुई मम्मींजवळ आहे."

"केतकी, वेड्यासारखं करू नकोस, उतर खाली!"

"का उतरू? एवढं सांग. ॲपवर हिरवं आहे." तिने पट्टा घट्ट धरला. "तुझ्या तोंडून ऐकायचंय मला. माझं नको ऐकूस, जुईचं नको ऐकूस. तू सांग, का उतरू?"

त्याच्या हातातल्या फोनमधून शिर्के सर "हॅलो, हॅलो" करत होते. खालून तडतड आली, लागोपाठ, मधे जागाच न ठेवता. ऋतुराजने मान वळवून झाडाकडे पाहिलं. तिथे त्याची आई नातीला छातीशी घट्ट धरून उभी होती. कुंची बाजूला पडली होती आणि सासूबाईंनी दुसऱ्या कानातला बोळाही काढून टाकला होता.

"कारण गाडी खराब आहे," तो म्हणाला. मग फोन तोंडाजवळ नेऊन पुन्हा म्हणाला, मोठ्याने, "गाडी खराब आहे, सर. सगळ्याच. आम्ही आवाज पुसलाय, बिघाड नाही. मी ही चालवणार नाही, आणि कुणाला चालवूही देणार नाही."

"ऋतुराज, शुद्धीवर ये. तुझी नोकरी…"

त्याने फोन बंद केला. वाकून केतकीचा पट्टा त्यानेच सोडवला. दोघं पळत झाडाशी आली. केतकीने लेकीला घेतलं आणि तिथेच, रस्त्याकडेच्या दगडावर बसून पदराआड पाजायला घेतलं. सासूबाई तिच्यासमोर आडोशाला उभ्या राहिल्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

ऋतुराजने वर येणाऱ्या एका ट्रकला हात केला, गाडीपासून लांबच थांबवला, ड्रायव्हरला खालच्या गाड्या अडवायला सांगितलं. मग तो फोनवरची नावं बघू लागला. कंपनीतल्या ज्यांना ज्यांना निवांत मिळाली होती, ती सगळी नावं. त्याच्या विभागातला, त्याच्या शेजारच्या टेबलावरचा अजित इंगवले त्यात वरच होता.

"बोल भावा!" स्पीकरवर अजितचा आवाज खुशीत होता.

"कुठं आहेस?"

"पन्हाळ्याला चाललोय. सासुरवाडीची मंडळी घेतल्यात बरोबर. गाडी नाद खुळा आहे रे, लोण्यागत चढालीय."

"पोरगी आहे बरोबर?"

"आहे की. तिच्यासाठीच तर निघालोय."

"रडतेय?"

पलीकडे जरा वेळ नुसती ती ओळखीची, पुसलेली शांतता. मग तिच्यातून, लांबून, एक बारीक किंचाळी. जुईने दूध सोडलं आणि मान वळवली.

"होय की रे," अजित ओशाळून म्हणाला. "निघाल्यापासनं गप्पच बसंना झालीय. का रं, तुला ऐकू यायलंय?"

"यायलंय," ऋतुराज म्हणाला. "अजित, गाडी थांबव."